शाळा दोनदा उघडते

महाराष्ट्रात शाळा वर्षातून दोनदा उघडते. पहिल्यांदा उघडते ते सगळ्या गावाला कळतं. जूनचा मध्य असतो, पावसाचा नेम नसतो, फाटकाला तोरण असतं. सरकारी परिपत्रकात त्याचं नाव 'शाळा प्रवेशोत्सव'. पहिलीतल्या पोरांच्या हातात गुलाबाचं फूल, पाठ्यपुस्तकांचा संच, तोंडात काहीतरी गोड, शेजारी एखादा अधिकारी आणि समोर मोबाइलचा कॅमेरा. दुसऱ्यांदा शाळा उघडते ती दिवाळीनंतर. तेव्हा तोरण नसतं, पाहुणेही नसतात. सुस्तावलेली मुलं चिवड्याचे डबे घेऊन वर्गात शिरतात, बाई फळ्यावर तारीख घालतात आणि द्वितीय सत्र सुरू होतं.

पुण्याला लागून असलेल्या मुळशी तालुक्यात ही दुसरी घंटा जरा कान देऊन ऐकावी अशी आहे, कारण त्या आठवड्यात तालुक्यात दोन उलट दिशांचे प्रवास चाललेले असतात. पूर्वेला हिंजवडी, माण, सूस, बावधनच्या सोसायट्यांत कुटुंबं परततात. कुणी लातूरहून, कुणी नागपूरहून, कुणी वसईहून, कुणी मडगाव-मंगळुरूहून, कुणी थेट केरळातून. पश्चिमेला, धरणाच्या आणि ताम्हिणीच्या अंगाला, कातकरी आदिवासींच्या वाड्यांवरची कुटुंबं त्याच सुमारास बाहेर पडतात. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं टेम्पोत भरून वीटभट्टीच्या दिशेनं. एका घरचं मूल शाळेत परत येतं, दुसऱ्या घरचं शाळेतून निघून जातं. हजेरीपटावर दोघांच्याही नावापुढे दिवाळीची सुटी सारखीच लिहिलेली असते.

या लेखाचा विषय कॅथलिक प्राथमिक शाळा आणि तिथं होणारं कुटुंबांचं स्वागत असा आहे. हा विषय घ्यायला दोन कारणं. एक, 'कुटुंब' हा शब्द या शाळा इतरांपेक्षा जास्त वापरतात. डायरीच्या पहिल्या पानापासून स्नेहसंमेलनाच्या भाषणापर्यंत तो येत राहतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. शाळेची दिनदर्शिका कुटुंबासाठी वाकवता येते, हे या शाळांनी वर्षानुवर्षं करून दाखवलं आहे. ती कुणासाठी वाकते आणि कुणासाठी नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.

शहात्तर दिवसांचा हिशेब

राज्यात राज्य मंडळाच्या शाळांना सुट्या किती, याचं एक ठरलेलं परिपत्रक दर वर्षी निघतं. त्यातलं एक कलम मुख्याध्यापकांना पाठ असतं: वर्षभरातल्या सगळ्या सुट्या मिळून ७६ दिवसांच्या पुढे जाता कामा नयेत. त्याच परिपत्रकात आणखी एक सोय असते. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची मोठी सुटी थोडी कमी करून ते दिवस गणेशोत्सवाला किंवा नाताळाला देता येतात. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची आणि मुख्याध्यापकांनी ठरवायचं.

कोकणातल्या शाळा ही सोय गणपतीसाठी वापरतात, अनेक कॅथलिक शाळा नाताळासाठी. म्हणून शेजारच्या शाळेतली मुलं अजून किल्ल्यावरचे मावळे आवरत असतात, तेव्हा कॉन्व्हेंटची बस सोसायटीच्या दाराशी येऊन उभी राहते. 'आमचीच सुटी का लहान?' हा प्रश्न त्या आठवड्यात घराघरांत विचारला जातो. उत्तर डिसेंबरात मिळतं. तेव्हा हीच मुलं घरी असतात आणि शेजारची मुलं चाचणी परीक्षा देत असतात.

ही तडजोड दिसते त्यापेक्षा बारीक आहे. दिवाळीनंतर शाळा उघडली, की चारेक आठवड्यांत कॅथलिकांचा आगमनकाळ लागतो. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे तयारीचा काळ. २०२५मध्ये त्यातला पहिला रविवार ३० नोव्हेंबरला होता. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण, त्यासाठी गोव्याकडची कुटुंबं जुन्या गोव्याला जातात. शाळेत गव्हाणीचा देखावा, नाताळाची गाणी, त्यातच क्रीडादिन आणि वार्षिक स्नेहसंमेलन. प्राथमिक वर्गांचं दुसरं सत्र त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी येतं, आणि त्यातला प्रत्येक तुकडा पालकांना शाळेत बोलावण्याचं एक निमित्त असतो.

वेळेचंही तसंच. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४मध्ये काढला, तो लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळा, बसच्या फेऱ्या, चांदणी चौकातली आणि हिंजवडीची कोंडी हे सगळं त्या निर्णयासमोर उभं राहिलं. अडचणी आल्या, कुरकुर झाली, तरी विषय चर्चेत आला. म्हणजे शाळेची घड्याळं आणि कॅलेंडरं दगडावर कोरलेली नसतात. कुणीतरी मागणी केली आणि ती ऐकणाऱ्याला पटली, की ती हलतात.

फाटकातून आत येणारे

कॅथलिक शाळेचं सत्र सुरू होतं म्हटल्यावर बाहेरच्या जगात पहिली आठवण होते ती मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची. आयर्लंडमध्ये किंवा पोलंडमध्ये तसं होतही असेल, कारण तिथं वर्गातली बहुतेक मुलं त्याच चर्चची. पुण्यात तसं नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती साधारण ११ लाख होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. त्यातले सगळे कॅथलिक नाहीत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं २०२१मध्ये अल्पसंख्याकांच्या शाळांवर एक अहवाल काढला. त्यानुसार देशातल्या ख्रिस्ती शाळांमधले सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक नसलेल्या समाजांतले आहेत. अहवालाच्या निष्कर्षांवर वाद झाले, पण हा आकडा कोणत्याही कॉन्व्हेंटच्या हजेरीपटावरची आडनावं वाचली तरी खोटा वाटणार नाही.

ही गोष्ट पुण्याला नवी नाही. उलट तिची सुरुवात वेगळ्याच स्वागतानं झाली. पेशव्यांच्या फौजेत गोव्याचे कॅथलिक शिपाई आणि अंमलदार होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत क्वार्टर गेटपाशी जागा मिळाली आणि १७९२मध्ये तिथं चर्च उभं राहिलं. आजही लोक त्याला सिटी चर्च म्हणतात. ब्राह्मण पेशव्याच्या राजधानीत कॅथलिक पाहुणा म्हणून आला. पुढे इंग्रजांची छावणी झाली आणि यजमानपद बदललं. १८६०मध्ये जीझस अँड मेरीचं कॉन्व्हेंट, १८६७मध्ये येशूसंघीयांचं (जेझुइटांचं) सेंट व्हिन्सेंट्स, या शाळा छावणीच्या परिसरात उभ्या राहिल्या त्या मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी. १८८६मध्ये पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. स्वातंत्र्यानंतर छावणीची कुटुंबं गेली, पेठांतली आणि नव्या वसाहतींतली आली. १९६१मध्ये पाषाणला लॉयोला हायस्कूल निघालं, तेव्हा तो भाग शहराबाहेरचा माळ होता. आज तिथून सूस आणि बावधन, म्हणजे मुळशीची वेस, काही मिनिटांवर आहे. त्यातली सूस आणि बावधन बुद्रुक ही गावं २०२१मध्ये महापालिकेतही आली.

मग सत्राच्या पहिल्या सकाळी या सगळ्यांनी मिळून म्हणायचं काय? याचं उत्तर राज्यघटनेनं बरंचसं देऊन ठेवलं आहे. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो. अनुच्छेद २८(३) त्याला मर्यादा घालतो: राज्याची मान्यता किंवा मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही, अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. म्हणून तासिकांच्या तक्त्यात दोन समांतर रकाने दिसतात. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातात, बाकीची मूल्यशिक्षणाला. बहुतेक मुलांना या फाटाफुटीचं काही वाटत नाही. त्यांना फक्त मधल्या सुटीला दोन्ही वर्ग एकदम सुटतात की नाही, एवढ्याशीच कर्तव्य असतं.

सकाळच्या प्रार्थनेचं रूप मात्र बदलत गेलं आहे. राज्यात जानेवारी २०२०पासून शाळांमध्ये संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन होतं आणि २०२३पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत आहे. एप्रिल २०२४मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं देशभरातल्या आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. रोज सकाळी उद्देशिका वाचावी, जमल्यास शाळेत सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी एक खोली असावी, इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नयेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हे वातावरणाच्या दबावाखाली लिहिलं गेलं, असं काही जण म्हणतील. तसं असलं तरी जे लिहिलं आहे ते पुण्यातल्या पालकांना फारसं नवं नाही. गणपतीच्या सुटीनंतर मोदकाचा डबा आणि नाताळानंतर कुळकुळांचा डबा एकाच बाकावर उघडणं, ही व्यवस्था कुठल्याही सूचनेच्या आधीची आहे.

पालक आत कधी आले?

आज 'वेलकम बॅक' लिहिलेली पताका पाहून वाटतं, की पालकांचं स्वागत ही या शाळांची जुनी रीत असेल. ती तशी नव्हती. जुन्या कॉन्व्हेंटमध्ये मूल फाटकाशी सोडायचं आणि फाटकाशी घ्यायचं. मदर सुपीरियरच्या केबिनबाहेरच्या बाकावर पालक बसले आहेत म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, हे सगळ्यांना कळायचं. बोर्डिंगमध्ये तर शाळेनं कुटुंबाची जागाच घ्यायची, अशी कल्पना होती. घरी जे मिळत नाही ते शाळा देईल, त्यासाठी मूल वर्षभर शाळेच्या हवाली करायचं.

हा विचार खुद्द चर्चनं बदलला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ख्रिस्ती शिक्षणावर एक घोषणापत्र मंजूर केलं. त्याला २०२५मध्ये साठ वर्षं झाली. मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक त्याचे आईवडील असतात, शाळा त्यांची मदतनीस, हा त्याचा गाभा. त्यात आणखी एक वाक्य आहे, ते कमी वेळा आठवलं जातं. गरीब, कुटुंबाच्या मायेला पारखी झालेली आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या बाहेरची अशा तिघांची कॅथलिक शाळांनी विशेष काळजी घ्यावी, अशी विनंती त्यात धर्मगुरूंना आणि सर्व श्रद्धावंतांना केली आहे. या तिघांतला शेवटचा गट पुण्याच्या शाळांत भरपूर आहे. पहिल्या दोघांकडे पुढे येऊ.

चर्चनं दार किलकिलं केलं आणि कायद्यानं ते उघडलं. महाराष्ट्राच्या २०११च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळेत वर्ष सुरू झाल्यावर ३० दिवसांत शिक्षक-पालक संघ स्थापन व्हावा लागतो. त्याची कार्यकारी समिती निवडणुकीनं ठरत नाही, इच्छुक पालकांतून चिठ्ठी टाकून ठरते. फीवाढीचा प्रस्ताव याच समितीपुढे येतो. त्यामुळे जूनमध्ये होणारं पालकांचं स्वागत निव्वळ आपुलकीचं उरलेलं नाही. आत आलेला पालक आता प्रश्न विचारायला अधिकारानं बसलेला असतो.

आणि दिवाळीनंतर? तेव्हाचं स्वागत फार प्रामाणिक असतं. अनेक शाळांत सुटी संपल्यावर पहिल्याच शनिवारी 'ओपन डे' ठेवतात. पहिल्या सत्राच्या संकलित मूल्यमापनाचे पेपर पालकांच्या हाती पडतात. आठवडाभर मामाच्या गावी लाडावलेलं पोर आईचा पदर धरून उभं असतं, बाई लाल शाईच्या खुणा दाखवत असतात, आणि वडील 'घरी सगळं येतं हो त्याला' हे दर वर्षीचं वाक्य म्हणत असतात. पहिली-दुसरीत या पाच मिनिटांना मोठी किंमत आहे. मूल घरी कोणत्या भाषेत बोलतं, रात्री किती वाजता झोपतं, आजी गावाला गेली का, धाकटं भावंड आलं का, हे बाईंना तिथं कळतं. प्रगतिपुस्तकात यातलं काहीच नसतं.

वसईची रीत

शाळा, चर्च आणि कुटुंब ही तिन्ही एकाच अंगणात असतात, तिथं स्वागत कसं होतं ते पाहायचं तर वसईला जावं. पोर्तुगीज काळापासूनची कॅथलिक गावं तिथं आहेत. कुपारी, वाडवळ, पूर्वापार बागायती करणारे, घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे आणि चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करणारे. १९९८मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा धर्मप्रांत झाला आणि त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे पुढे २००९मध्ये पुण्याचे बिशप म्हणून आले.

वसईत धर्मग्राम म्हणजे चर्चभोवतीचं गाव, आणि शाळा त्या धर्मग्रामाची. तिथल्या जुन्या पिढीतले बहुतेक जण गावच्या मराठी शाळेत शिकले. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. गाव नंदाखाल, शिक्षण गावच्याच संत जोसेफ शाळेत, उच्च शिक्षण पुण्यात. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला पहिल्यांदा कळलं की कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी शाळाच असं नाही. तसं पाहिलं तर फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६चं. मराठीतून ख्रिस्ती शिकवण देण्याची परंपरा पुण्याच्या पहिल्या कॉन्व्हेंटहून जवळजवळ अडीचशे वर्षं जुनी आहे.

अशा गावात सत्र उघडताना वेगळं स्वागत करावं लागत नाही. शाळेचा व्यवस्थापक धर्मगुरू असतो, त्यानं त्या मुलाच्या आईवडिलांचं लग्न लावलेलं असतं. बाई त्याच आळीत राहतात. शनिवारी धर्मशिक्षणाला दिसणारं पोर सोमवारी गैरहजर राहिलं, तर संध्याकाळपर्यंत कारण कळतं. शाळेला घर माहीत असतं, घराला शाळा. आता वसईचीही घडी बदलते आहे. मराठी वर्गांतली मुलं कमी होत चालली, इंग्रजी वर्ग भरले, शेतं जाऊन इमारती आल्या, आणि त्यांत राहायला आलेली कुटुंबं धर्मग्रामाच्या वहीत नाहीत. वसईला आता पुण्यासारखं स्वागत शिकावं लागतं आहे.

वसईकडून पुण्यानं घ्यावं असं एक मात्र आहे. गैरहजर मुलाचं कारण शोधायला शाळेनं स्वतः चालत जावं.

फाटकाबाहेरचे

आता घोषणापत्रातल्या पहिल्या दोन गटांकडे. गरीब कुटुंबाचं मूल कॅथलिक शाळेत येतं का? काही येतात. अनुदानित शाळांत, मिशनच्या वसतिगृहांत, सवलतीच्या फीवर येतात. पण बालहक्क आयोगाच्या त्याच २०२१च्या अहवालात सगळ्या अल्पसंख्याक शाळांचा मिळून एक आकडा आहे. सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या वंचित घरांतले विद्यार्थी त्यात केवळ ८.७६ टक्के होते.

याला कायद्याची एक बाजू आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं 'प्रमती' खटल्यात अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळलं. तेव्हापासून तोच नियम आहे. १ सप्टेंबर २०२५ला, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मनमोहन यांच्या पीठानं 'प्रमती'चा निर्णय बरोबर होता का, याबद्दल शंका नोंदवली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला.

यावर कॅथलिक संस्थांची भीती समजण्यासारखी आहे. प्रवेशाची किल्ली एकदा सरकारच्या हाती गेली, की व्यवस्थापनाचीही जाईल, असं त्यांना वाटतं. अनुच्छेद ३० हा त्यांचा शेवटचा आधार आहे. पण न्यायालयानं सूट दिली म्हणजे १९६५च्या घोषणापत्रानं दिली, असं होत नाही. कायद्यानं मागितलेला पाव हिस्सा देणं सक्तीचं नसेल, तर तो आपणहून देण्याची मोकळीक त्यांना इतरांहून जास्त आहे.

या बाबतीत मुळशीत एक पत्ता बोलका आहे. लवासात ख्राइस्ट विद्यापीठाचा परिसर आहे. हे विद्यापीठ केरळातल्या सीएमआय या कॅथलिक संघाचं. त्या संघाचे एक संस्थापक संत कुरियाकोस एलियास चावरा. त्यांनी १८४६मध्ये मन्नानमला संस्कृत शाळा काढली, पुढे प्रत्येक चर्चशेजारी शाळा असलीच पाहिजे असा आग्रह धरला, आणि ज्यांना कुणी शाळेत घेत नव्हतं अशा मुलांना दुपारचं जेवण देऊन आणलं. त्या जेवणासाठी घरोघरच्या बायकांनी रोजच्या शिजवणीतून मूठभर तांदूळ बाजूला काढायचा, अशी योजना होती. म्हणजे शाळेच्या स्वागताचा खर्च कुटुंबांनीच उचलायचा, तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

डोंगराकडची मुळशी

महाराष्ट्रात तीन जमाती केंद्र सरकारच्या यादीत 'विशेष असुरक्षित' आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. कातकऱ्यांच्या वाड्या रायगड-ठाण्यात जास्त, पण सह्याद्रीच्या अलीकडच्या अंगाला मुळशी, मावळ आणि राजगड तालुक्यांतही आहेत. १९२१च्या धरणविरोधी सत्याग्रहात सेनापती बापटांमुळे मुळशीचं नाव देशभर झालं, ते जमिनी बुडणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. कातकऱ्याकडे बुडवायला बहुधा सातबाराच नव्हता.

कातकरी कुटुंबाचं वर्ष शाळेच्या वर्षाशी जुळत नाही. पावसाळ्यात भातलावणी, मासे, खेकडे, रानभाजी यांवर घर चालतं. पाऊस सरला की हाताला काम नाही. भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला दिवाळीनंतर भट्टी गाठावी लागते. नोव्हेंबर ते मे सगळं कुटुंब तिथंच. पावसाची चाहूल लागली, भट्ट्या बंद झाल्या, की परत. जूनच्या प्रवेशोत्सवात या घरचं मूल असतं, गुलाबाचं फूल त्यालाही मिळतं. दिवाळीपर्यंत ते अक्षरं गिरवतं, जोडाक्षरांपाशी येतं, आणि दुसऱ्या घंटेला त्याची जागा रिकामी असते. पुढच्या जूनला ते परत पहिल्या अक्षरापाशी.

यावर सरकारचे उपाय आहेत. स्थलांतरित मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवलं की दुसऱ्या गावच्या शाळेनं कागदपत्रं न मागता मुलाला बसवून घ्यायचं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. वसई-ठाणे भागात १९९०च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेनं वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. मूल शाळेत येत नाही तर शाळेनं भट्टीवर जायचं. येशूसंघीयांनी तलासरीला वारली मुलांसाठी ज्ञानमाता सदनातून वसतिगृहाचा मार्ग धरला. पण वसतिगृहात मूल शिकतं आणि घर सुटतं. सहा-सात वर्षांच्या पोराला हा सौदा जड जातो, त्याच्या आईला त्याहून जड.

मग कॅलेंडर वाकवता येईल का? हिशेब करून पाहू. पहिली ते पाचवीसाठी शिक्षणहक्क कायदा वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास मागतो. ते कोणत्या महिन्यांत, हे तो सांगत नाही. कातकरी वाडीची शाळा १ जूनला उघडली आणि १५ नोव्हेंबरपर्यंत चालली, तर १६८ दिवस होतात. त्यातले २४ रविवार आणि सणांचे दिवस वजा करा, अतिवृष्टीच्या सुट्या धरा, तरी सव्वाशे दिवस हाती राहतात. ताम्हिणीत एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडलेला आहे, हे लक्षात ठेवूनच हा आकडा धरला आहे. उरले साधारण ७५ दिवस. तेवढे भट्टीजवळच्या शाळेत भरले, की वर्ष पुरं होतं. म्हणजे मूल सात महिने शाळेबाहेर राहण्याऐवजी दोन शाळांत मिळून एक वर्ष शिकतं.

याला नवा कायदा लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं दिली आहेत. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश निश्चित करणं हे त्यातलं एक. शाळांची दिनदर्शिका ठरवणं हे एक वाक्य सोडून पुढचं. हे प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषद आणि महापालिका. कायदा करणाऱ्यांनी दोन्ही कामं एकाच टेबलावर ठेवली, अंमल करणाऱ्यांनी दोन कपाटांत.

यात कॅथलिक शाळांचं काय काम, असं कुणी विचारेल. वाडीवरची शाळा जिल्हा परिषदेची, मूल आदिवासी, भट्टी खासगी मालकाची. पण भट्ट्या शहराच्या कडेला असतात, बांधकामं असतात तिथंच, आणि इंग्रजी शाळाही तिथंच असतात. हमी कार्ड घेऊन आलेल्या मुलाला भट्टीजवळची शाळा हवी असते. पुण्याच्या पश्चिमेला दुपारनंतर मोकळे होणारे वर्ग, मराठी शिकवणाऱ्या बाई, शाळेच्या बस आणि वरच्या वर्गांतली समाजसेवेचे तास भरणारी मुलं, हे सगळं ज्यांच्याकडे आहे अशा शाळांमध्ये कॅथलिक शाळा आहेत. ७५ दिवसांचा वर्ग ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट नाही. आणि कॅलेंडर वाकवायची परवानगी शिक्षणाधिकाऱ्यांकडून कशी मिळवायची, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. ते दर वर्षी नाताळासाठी ती मिळवतात.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडेल तेव्हा पूर्वेकडच्या मुळशीत पालकांना ओपन डेची चिठ्ठी येईल. त्या दिवशी पेपर पाहून झाल्यावर शिक्षक-पालक संघाच्या समितीत चिठ्ठीनं निवडून आलेल्या एखाद्या पालकानं मुख्याध्यापकांना दोनच प्रश्न विचारावेत. आपल्या शाळेपासून सर्वांत जवळची वीटभट्टी कुठली? आणि तिथं आत्ता सहा ते दहा वर्षांची किती मुलं आहेत? उत्तर ठाऊक नसेल, तर पुढच्या सोमवारी कुणीतरी चालत जाऊन मोजून यावं.